कडं एकाचं, पेले सगळ्यांचे

फार पूर्वीची, माणसं वाऱ्याच्या भरवशावर समुद्र ओलांडत तेव्हाची ही गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका गावात एक कासारीण राहत होती. तिचं नाव भिवरा. दारोदार जाऊन ती लेकीसुनांना बांगड्या भरायची.

भिवराला एकटीनं काही खाणं जमायचंच नाही. पेरू हातात आला की ती त्याच्या चार फोडी करायची, तीन वाटायची आणि चौथी उरली तर आपण खायची. पण कासारीण म्हणजे घटकाभर ओसरीवर टेकणारी बाई. बांगड्या भरून झाल्या की लोक आपापल्या कामाला लागायचे. "बस गं जरा, कुठं चाललीस?" असं तिला कोणी कधी म्हणायचं नाही. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण बोलणार कोणाला?

त्या गावच्या बंदरातून दर वर्षी एक मोठं गलबत जलयात्रेला निघायचं. 'मोरपंखी' त्याचं नाव. नऊ दिवसांत तीन बेटं फिरून ते परत यायचं. गलबताच्या मालकाला सगळे नाखवा म्हणत. नाखवा हौशी माणूस. त्यानं गलबतावर चक्क एक सरबतखाना काढला होता. कोकमाचं सरबत, वाळ्याचं सरबत, लिंबाचं सरबत, कैरीचं पन्हं, जे मागाल ते तिथं मिळायचं.

त्याची रीत अशी होती. प्रत्येक प्रवाशाला रोज सकाळी एक तांब्या गोडं पाणी मिळे. ज्यांनी सरबताचे वेगळे पैसे भरले असतील, त्यांच्या हातात नाखवा एक निळं लाखेचं कडं घालायचा. कडं दाखवायचं आणि दिवसभर हवं तेवढं सरबत प्यायचं. कोणी अडवणार नाही, कोणी मोजणार नाही. मात्र सरबतखान्याच्या दारावर एक पाटी होती: 'कडं ज्याच्या हातात, पेला त्याच्याच ओठाला.'

त्या वर्षी नाखव्याच्या मुलीचं लग्न झालं. भिवरानं तिला चुडा भरला. मुलगी इतकी खूश झाली की बापाला म्हणाली, "बाबा, या बाईनं आयुष्यभर समुद्र लांबूनच बघितलाय. तिला यंदा मोरपंखीवर न्या." नाखव्यानं भिवराला नुसती जागाच दिली असं नाही, तर तिच्या हातात आपल्या हातानं निळं कडंही घातलं.

दुसऱ्यांच्या हातात बांगड्या भरणाऱ्या बाईच्या हातात पहिल्यांदा कोणीतरी काही भरलं होतं. भिवरा गलबतावर चढली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते.

पहिल्या दिवशी दुपारी तिनं सरबतखान्यात जाऊन वाळ्याचं सरबत घेतलं. सरबतखाना धाकोजी नावाचा एक काटकुळा, मितभाषी माणूस सांभाळायचा. त्यानं पेला भरून दिला आणि म्हणाला, "भिवराबाई, संकोच करू नका. लागेल तेवढं प्या."

पेला घेऊन ती सावलीत येऊन बसली. शेजारी एक अत्तरवाला बसला होता. त्याच्याकडं कडं नव्हतं. तो पेल्याकडं बघत म्हणाला, "वाळा वाटतं? काय सुगंध आहे हो!"

झालं! भिवराच्या घशाखाली घोट उतरेना. "घ्या ना तुम्ही," ती म्हणाली आणि पेला त्याच्या हातात देऊन स्वतःसाठी दुसरा आणायला गेली.

अत्तरवाल्याचा मित्र एक पैलवान. पैलवानाच्या ओळखीचे एक पंतोजी, मुलांना पाढे शिकवणारे. तिसऱ्या प्रहरापर्यंत तिघंही भिवराभोवती बसले होते, आणि भिवरा सरबतखान्याच्या खेपा घालत होती.

अशाच एका खेपेला तिची नजर पाटीवर गेली. ती परत येऊन म्हणाली, "अहो, तिथं लिहिलंय, पेला त्याच्याच ओठाला म्हणून."

अत्तरवाला हसला. "ते लिहावं लागतं हो. आत रांजणांची रांग बघितलीत ना? त्यातून दोन पेल्यांनी काय होणार?"

पैलवान म्हणाला, "आणि बाई, माझ्यासारख्या देहाला एक तांब्या म्हणजे काय? नुसती जीभ ओली होते."

पंतोजींनी तर बोटं मोजून सिद्धच केलं. "तुम्हाला हवं तेवढं प्यायची मुभा आहे. समजा, तुम्हाला दहा पेले हवे असते, तर तुम्ही प्यायलाच असता. त्यातले नऊ आम्ही प्यायलो. दहाचे अकरा झाले का? नाही. मग गैर काय झालं?"

भिवराला त्यात काही चूक सापडेना. खरं सांगायचं तर तिनं फारशी शोधलीही नाही. कारण अत्तरवाला पुढं म्हणाला, "पण काही म्हणा, मन असावं तर भिवराबाईंसारखं! आम्हाला कडेवाले पुष्कळ भेटले, असं कोणी भेटलं नाही. बसा हो, कुठं निघालात?"

'बसा हो, कुठं निघालात?' हे शब्द भिवराच्या कानात सरबताहून गोड उतरले.

मग काय! दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती सहा माणसं होती, तिसऱ्या दिवशी अकरा. ती आली की लोक सरकून जागा करायचे. कोणी तिला अन्नपूर्णा म्हणे, कोणी भिवराताई. ती पदराआड दोन-दोन पेले लपवून आणायची आणि सगळ्यांच्या चेहऱ्याकडं डोळे भरून बघायची.

धाकोजीच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. चौथ्या दिवशी त्यानं पेला भरता भरता हळूच विचारलं, "भिवराबाई, तहान फार लागते हो तुम्हाला?"

"ऊन केवढं आहे!" भिवरा म्हणाली.

धाकोजीनं पेला काठोकाठ भरला. नाखव्याची पाहुणी. तिला आणखी काय विचारणार? त्यानं पेला पुढं सरकवला. भिवरानं तो उचलला, पण त्या दिवशी परत येताना तिला अत्तरवाल्याच्या बोलण्याकडं नीट लक्ष देता आलं नाही. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाला फुटकी बांगडी चांगली म्हणून तिनं कधी भरली नव्हती. आणि आज ती किती सहज खोटं बोलून गेली होती.

आता सरबतखान्यातले ते रांजण म्हणजे काय, हे प्रवाशांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. गलबतावरचं सगळं गोडं पाणी त्यांतच असायचं. वाटेतल्या दोन बेटांवरच्या विहिरी मचूळ. गोडं पाणी मिळायचं ते थेट सहाव्या दिवशी, तिसऱ्या बेटावर. शंखबेट त्याचं नाव. त्या बेटाच्या बंदरात शिरायची वाट खडकांमधल्या एका खिंडीतून होती. भरती असेपर्यंतच तिथून आत जाता यायचं. ओहोटी लागली की पाणी गलबताला ओढून खडकांवर नेत असे. आणि नेमका तिथंच वारा पुष्कळदा पडायचा. मग शिडं खाली घेऊन खलाशांना भर उन्हात वल्ही मारत गलबत आत न्यावं लागे. त्यांच्यासाठी धाकोजी दोन रांजण मागं राखून ठेवायचा. मीठ आणि गूळ घातलेलं कोकमाचं पाणी तो त्यांना दर थोड्या वेळानं पाजायचा. बारा वर्षं त्याचं माप कधी चुकलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी शंखबेट दिसू लागलं आणि वारा पडला. अगदी साफ पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली.

"वल्ही घ्या!" नाखव्यानं हुकूम सोडला. "धाकोजी, खलाशांचं पाणी काढ. दुपारच्या आत खिंड पार झाली पाहिजे."

धाकोजी जागचा हलला नाही.

"अरे, काढ ना!"

"नाखवा," धाकोजी खाली बघत म्हणाला, "पुढचे रांजण चौथ्या दिवशीच संपले. कडेवाल्यांना नाही कसं म्हणणार? म्हणून राखीव दोन उघडले. आज सकाळचे तांब्ये भरले आणि तेही संपले."

नाखवा स्वतः सरबतखान्यात गेला. एकेका रांजणात वाकून बघून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता. सगळे प्रवासी गोळा झाले होते.

"बारा वर्षं मी तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला," नाखवा म्हणाला. "गेलं कुठं एवढं पाणी? बेटांवर विकलंस?"

"नाही नाखवा."

"मग माप चुकलं तुझं?"

"माझं माप चुकलेलं नाही," धाकोजी म्हणाला. एवढंच. त्यानं मान वर करून एकदा जरी भिवराकडं बघितलं असतं, तरी पुरे झालं असतं. पण त्यानं बघितलं नाही. पाहुण्या बाईला चारचौघांत उघडं पाडायचं त्याच्या जिवावर आलं.

"ठीक आहे," नाखवा म्हणाला. "खिंडीतून सुखरूप निघालो, तर शंखबेटावर उतरून जा. मोरपंखीवर पुन्हा पाऊल ठेवू नकोस."

भिवराचा कड्याचा हात आपोआप पदराखाली गेला. पंतोजी तिच्या कानाशी पुटपुटले, "गप्प बसा. आपण काही चोरी केलेली नाही. हवं तेवढं, असं त्यांनीच म्हटलं होतं."

भिवरानं पदराखालच्या हाताकडं बघितलं. चोरी केलेली नाही, तर मग हा हात आपण कशाला लपवतोय? तिनं समोर पाहिलं. धाकोजी आपला पंचा घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घडी घालत होता. बारा वर्षं सरबतखाना सांभाळलेला माणूस, आणि त्याला हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं.

 आपण बोललो, तर ही अकरा माणसं उठून जातील. पुन्हा कोणी 'बसा हो' म्हणणार नाही. नाखवा तर त्याच्या मुलीसमोर आपलं नावही काढू देणार नाही. तिला हे सगळं अगदी स्वच्छ दिसलं. आणि ती उठली.

"नाखवा, पाणी धाकोजींनी नाही संपवलं. मी संपवलं."

सगळे तिच्याकडं वळले. "तू?" नाखवा म्हणाला. "तू एकटी एवढं सरबत प्यालीस?"

"प्यायले नाही. वाटलं. कडं माझं दाखवलं आणि पेले दुसऱ्यांना दिले. धाकोजींनी मला विचारलं होतं, मी त्यांना खोटं सांगितलं. लोक मला मोठ्या मनाची म्हणत होते नाखवा, मला ते आवडलं. मी काय वाटतेय आणि ते कोणाच्या तोंडचं आहे, हे मी बघितलंच नाही. ते या खलाशांच्या तोंडचं होतं."

"कोणाकोणाला दिलंस?"

अत्तरवाला पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. पैलवान डोलकाठीच्या मागं सरकला, पण त्याचा देह तिथं मावेना.

"नावं कशाला विचारता?" भिवरा म्हणाली. "पेला माझ्या हातातून गेला."

तिनं कडं काढलं. ते नाखव्याकडं दिलं नाही. ती धाकोजीपाशी गेली आणि त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "माझ्यापायी तुम्हाला चार लोकांत मान खाली घालावी लागली. मला माफ करा."

धाकोजीचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "माझंही चुकलं बाई. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी स्पष्ट विचारलं नाही."

नाखव्यानं दोघांकडं पाहिलं, मग खिंडीकडं पाहिलं. त्याचा राग ओसरला होता, पण काळजी वाढली होती. "खरं बोललीस बाई, धीराची आहेस. पण खरं बोलून रांजण भरत नाहीत. पाण्याशिवाय ही माणसं या उन्हात तासभर वल्ही मारू शकणार नाहीत, आणि दुपारी ओहोटी लागेल."

भिवरा आपल्या जागेवर गेली आणि सकाळी मिळालेला तांब्या घेऊन आली. तो तोंडोतोंड भरलेला होता. खलाशांच्या म्होरक्याला सारंग म्हणत. तिनं तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"हा घ्या."

"आणि तुम्ही?" सारंग म्हणाला. "सावली धरून बसलात तरी घसा कोरडा पडेल."

"पडू दे. मी नाही प्यायले तर मलाच तहान लागेल. दुसऱ्या कोणाला नाही." मग तिनं पदर खोचला. "आणि सावलीत बसायचं नाहीये मला. मोकळं वल्हं कुठंय?"

ती सारंगाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिनं वल्ह्याला हात घातला.

 मग डोलकाठीमागून पैलवान बाहेर आला. त्याचं तोंड शरमेनं लाल झालं होतं. "मला दिलं होतं बाईंनी," तो मोठ्यानं म्हणाला. "रोज दिलं. माझा तांब्या मी सकाळीच रिकामा केलाय. पण हात आहेत माझे." तो बसला आणि त्यानं एकट्यानं दोन वल्ही धरली.

"मलाही दिलं होतं," अत्तरवाला म्हणाला आणि अर्धा तांब्या घेऊन आला. मग एक बाई आली. मग एक म्हातारा आला. मग निळी कडी घातलेले, ज्यांचा यात काही संबंध नव्हता, तेही आपापले तांब्ये घेऊन आले. बघता बघता धाकोजीपुढं तांब्यांची रांग लागली. त्यानं पंचा कमरेला बांधला, मीठ-गूळ काढला, उरलेली कोकमं चुरली आणि माप धरलं. दर माणशी तीन घोट, दर शंभर वल्ह्यांना एकदा.

पण नवख्या माणसांची वल्ही एकमेकांवर आपटायला लागली. एक इकडं ओढी, एक तिकडं. गलबत जागच्या जागी डुलायला लागलं. तेवढ्यात पंतोजी पुढं आले. त्यांनी आपला तांब्या धाकोजीकडं दिला, एका पेटीवर चढले आणि शाळेतल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "लक्ष इकडं! सगळ्यांनी एकदम! बे एके बे!"

"बे एके बे!" सगळ्यांनी वल्ही ओढली.

"बे दुणे चार!"

"बे दुणे चार!"

आणि मोरपंखी हलली. तिनं पाणी कापलं. दोनचा पाढा झाला, पाचचा झाला, बाराचा झाला. भिवराच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, ती ओढत राहिली. ऊन डोक्यावर आलं. खिंडीतले काळे खडक दोन्ही बाजूंनी जवळ आले, आणि त्यांच्या बुडाशी पाण्याला फेस येऊ लागला. ओहोटी सुरू झाली होती.

"सोडू नका!" नाखवा सुकाणूवरून ओरडला. "आता सोडलंत तर संपलो!"

पाढा एकोणतीसवर आला होता. "एकोणतीस सक्कं एकशे चौऱ्याहत्तर!" खडक इतके जवळ आले की हात लावावा. "एकोणतीस सत्ते..." आणि खडकांकडं बघता बघता पंतोजींची बोबडीच वळली. सगळे थांबले. वल्ही वर हवेत राहिली. पाणी गलबताला ओढू लागलं.

"दोनशे तीन!" मागून आवाज आला. "एकोणतीस सत्ते दोनशे तीन! ओढा!"

तो धाकोजी होता. हातात मापाचा पेला, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. जन्मात कोणी त्याला एवढ्यानं ओरडताना ऐकलं नव्हतं.

"दोनशे तीन!" सगळं गलबत गरजलं. वल्ही एकदम पडली. मोरपंखीनं उडी घेतल्यासारखी झेप घेतली, खडक दोन्ही अंगांनी मागं गेले, आणि समोर शंखबेटाचं बंदर, हिरवंगार, शांत, आरशासारखं पसरलं होतं.

असा जल्लोष त्या पाण्यानं कधी ऐकला नसेल. लोक वल्ही टाकून एकमेकांच्या गळ्यात पडले. किनाऱ्यावर बेटावरची माणसं धावत आली होती, तीही हात उंचावून ओरडत होती. अत्तरवाला रडत होता आणि हसत होता. पंतोजी पेटीवर तसेच बसकण मारून "एकोणतीस आठे, एकोणतीस आठे" करत होते.

भिवरा वल्ह्यावर मान टाकून बसली होती. तिच्या ओठांना चिरा पडल्या होत्या. तीन-तीन घोटांच्या पाळीत तिनं स्वतःची पाळी दोनदा पुढं ढकलली होती. सारंगानं ते पाहिलं होतं. त्याच्या पेल्यात शेवटच्या पाळीतला एक घोट उरला होता. त्यानं तो तिच्यापुढं धरला.

"घे ताई. माझ्या वाट्याचा आहे."

भिवरानं त्याच्याकडं पाहिलं. आजवर तिनं कितीतरी पेले दिले होते, पण आपल्या तहानेतला घोट काढून तिला कोणी दिला नव्हता. तिनं तो घेतला. त्यात ना साखर होती, ना वाळा होता. तरी तो पोटात उतरेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

गलबत धक्क्याला लागलं. कोणीही उतरण्याआधी नाखवा धाकोजीसमोर येऊन उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांदेखत हात जोडले. "माझं चुकलं. न विचारता मी तुला चोर ठरवलं. तुझ्या मापावर आज हे गलबत तरलं."

 धाकोजीला बोलू द्यायला पैलवान थांबलाच नाही. त्यानं त्या काटकुळ्या माणसाला अलगद उचलून खांद्यावर घेतलं आणि नाचत नाचत धक्क्यावर उतरला. मागून भिवरा, सारंग, सगळे खलाशी आणि प्रवासी आरोळ्या ठोकत निघाले. बेटावरच्या लोकांना वाटलं, कोणी राजाच आला असावा.

"अरे, उतरवा मला!" राजा वरून ओरडत होता. "उतरवा, रांजण भरायचेत!"

"भरू की," खालून भिवरा म्हणाली, "आम्ही सगळे मिळून भरू!"

मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य: आपल्या वाट्यातून दिलं, तर ते खरं देणं. दुसऱ्याच्या रांजणातून वाटलं, तर त्याची तहान कोणाला तरी सोसावी लागते. आणि असं वाटून चुकलंच, तर लपवू नये; उभं राहावं, खरं बोलावं आणि वल्हं हातात घ्यावं.